पंप गेला असं कधी म्हणावं?

टाकी अर्धी भरलेली आहे. बॅटरी चांगली आहे, सेल्फ मारला की इंजिन जोमाने फिरतं. तरी गाडी धरत नाही. गॅरेजमधला माणूस दोन मिनिटं ऐकतो आणि सांगतो, "साहेब, पंप गेलाय. बदलावा लागेल." मालकाच्या मनात तेव्हा एकच प्रश्न असतो: पंप खरोखर गेलाय, हे याला कळलं कसं?

प्रश्न रास्त आहे. पंप टाकीच्या आत असतो, डोळ्यांना दिसत नाही आणि महाग असतो. शिवाय पंप निकामी झाल्यावर जी लक्षणं दिसतात, तीच लक्षणं एखादा जळका रिले, गंजलेली अर्थची तार किंवा तुंबलेला फिल्टरही दाखवतो. म्हणून पंपाला दोषी ठरवायचं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही तीन गोष्टी मोजूनच: पंपापर्यंत पोचणारी वीज, पंपाने दिलेला दाब आणि त्यातून वाहणारं पेट्रोल. या तिन्ही गोष्टी काय आहेत आणि कशा मोजतात, ते क्रमाने पाहू.

१. पंप लागतोच कशाला?

टाकी वर आणि इंजिन खाली असेल तर पंपाची गरज नाही. जुन्या बजाज चेतकमध्ये पेट्रोल स्वतःच्या वजनानेच कार्ब्युरेटरमध्ये उतरायचं. फोर्डच्या १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या मॉडेल टी मोटारीतही पंप नव्हता, टाकी पुढच्या सीटखाली होती. पण उभा चढ लागला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की इंजिन वर आणि टाकी खाली अशी स्थिती व्हायची, पेट्रोल पोचायचं नाही. मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे.

पुढे टाकी गाडीच्या मागच्या टोकाला गेली आणि पंप आला. आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनी आणि अॅम्बॅसेडरमध्ये हा पंप इंजिनलाच चिकटलेला असायचा. कॅमशाफ्टच्या फिरण्याने त्यातला पडदा वरखाली व्हायचा आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणायचा. दाब जेमतेम पाव बारच्या आसपास. (१ बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब.) कार्ब्युरेटरला तेवढा पुरत असे.

या ओढण्यातच एक अडचण होती. द्रव ओढला की त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की तो कमी तापमानाला उकळतो. मे महिन्यात बोरघाट किंवा कसारा घाट चढताना तापलेल्या इंजिनशेजारच्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची. पडदा हलत राहायचा, पण पुढे द्रव जाण्याऐवजी वाफच आत-बाहेर व्हायची. घाटात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले ड्रायव्हर जुन्या वाचकांना आठवत असतील. त्यांचा उपाय शास्त्राला धरून होता. पंप थंड झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं.

इंधन फवारणारं इंजेक्शन आलं आणि हे चित्र बदललं. इंजेक्टरच्या बारीक छिद्रांतून पेट्रोलचा धुक्यासारखा फवारा उडायला हवा, तर मागे ३ ते ४ बार दाब लागतो. तो देण्यासाठी विजेवर चालणारा पंप आला आणि थेट टाकीत जाऊन बसला. तिथून तो पेट्रोल ओढत नाही, पुढे ढकलतो. दाबाखाली असलेलं पेट्रोल सहजी उकळत नाही, त्यामुळे घाटातली वाफेची तक्रार जवळजवळ संपली. आपल्याकडे २०००च्या आसपास नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि रोजच्या वापरातल्या मोटरसायकली आणि स्कूटरही इंजेक्शनवर गेल्या. त्यामुळे 'पंप गेला' हे वाक्य आता दुचाकीवाल्यांच्याही वाट्याला येतं.

(डिझेलचं प्रकरण निराळं आहे. कॉमन रेल डिझेल इंजिनात दुसरा एक पंप दाब हजार-दोन हजार बारपर्यंत नेतो. चालू इंजिनावर त्याची नळी सैल करून पाहू नका. तिथून निघणारी धार कातडी भेदून आत शिरते. या प्रकरणात आपण पेट्रोलच्या, टाकीतल्या पंपापुरतंच बोलू.)

२. पेट्रोलात बुडालेली मोटर

टाकीतला पंप म्हणजे एक छोटी विजेची मोटर आणि तिच्या टोकाला फिरणारी दातेरी चकती. चकती पेट्रोल आत घेते आणि पुढे लोटते. हे पेट्रोल मोटरीच्या अंगावरूनच, तिच्या वेटोळ्यांमधून वाहत बाहेर पडतं. त्यानेच मोटर थंड राहते, त्यानेच तिच्या बेअरिंगला वंगण मिळतं.

इथे प्रत्येक जण विचारतो: पेट्रोलमध्ये विजेची मोटर, तिच्या ब्रशवर ठिणग्या, मग भडका का उडत नाही? कारण जळायला हवा लागते, आणि तीही ठरावीक प्रमाणात. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ते मिश्रण पेटतं. पंपाच्या आत हवाच नसते. टाकीच्या रिकाम्या भागातही वाफ इतकी दाट असते की मिश्रण पेटण्याच्या मर्यादेपलीकडे गेलेलं असतं. हे सगळं टाकी बंद असेपर्यंत. झाकण उघडून पंप बाहेर काढला की ताजी हवा वाफेत मिसळते आणि हीच सुरक्षितता संपते. पंप बदलण्याच्या भागात हे पुन्हा लागेल.

पंप एकटा नसतो. त्याच्या तोंडाशी कचरा अडवणारी जाळी असते. वर एक झडप असते, जी इंजिन बंद झाल्यावर नळीतलं पेट्रोल मागे येऊ देत नाही. दाब ठरलेल्या आकड्यावर ठेवणारा रेग्युलेटर असतो, फिल्टर असतो आणि पेट्रोलचा काटा हलवणारा तरंगताही असतो. बऱ्याच गाड्यांत हे सगळं एकाच प्लास्टिकच्या सांगाड्यात बसवलेलं असतं. गॅरेजवाले त्याला 'असेंब्ली' म्हणतात. एकाने 'पंप' म्हटलं आणि दुसऱ्याने 'असेंब्ली' म्हटलं तर बिलात मोठा फरक पडतो, म्हणून आधी विचारून घ्यावं.

३. दाब वेगळा, प्रवाह वेगळा

बागेत पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धरा. पाणी दूर उडतं, पण बादली भरायला जास्त वेळ लागतो. दाब आहे, प्रवाह नाही. इंजिनाला दोन्ही लागतात, आणि पंपाच्या बहुतेक फसव्या तक्रारी या फरकातून जन्म घेतात.

आकडे घेऊन पाहू. छोट्या मोटारीचं इंजिन जागेवर उभं राहून घुरघुरतं तेव्हा तासाला लिटरभराहून कमी पेट्रोल पितं. सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाने, लिटरला १६ किलोमीटर या हिशेबाने, तासाला ५ लिटर. आणि चार माणसं, सामान, एसी घेऊन घाट चढताना अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, तर त्या घटकेला १५ ते २० लिटरच्या दराने. चांगला पंप याच्या कितीतरी पट पेट्रोल देऊ शकतो, उरलेलं रेग्युलेटर टाकीत परत सोडतो.

आता पंप झिजला आणि त्याची क्षमता तासाला १२ लिटरवर आली असं धरा. गाडी एका सेल्फला सुरू होईल. शहरात कुरकुर करणार नाही. गॅरेजच्या दारात उभी करून दाब मोजला तर तोही बरोबर येईल. आणि घाटात तिसऱ्या वळणावर ती झटके देऊ लागेल, पिकअप सोडेल. मालक सांगतो घाटात त्रास होतो, मेकॅनिक म्हणतो इथे तर ठीक आहे. दोघंही खरं बोलत असतात.

४. गाडी स्वतः काय सांगते

झिजत चाललेल्या पंपाची पहिली खूण म्हणजे भाराखाली दम तुटणं, वर पाहिलं तेच. दुसरी खूण आवाजाची: मागच्या सीटखालून पूर्वी न येणारी चिरकी घूं ऐकू येऊ लागते. तिसरी, गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच झालं नसल्यासारखी सुरू होते. चौथी, सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो.

या चारांपैकी तिसऱ्या खुणेने सर्वांत जास्त पंप नाहक बदलले जातात असं मला वाटतं. इंजिन फिरतंय की नाही हे संगणकाला सांगणारा क्रँक सेन्सर तापून निकामी झाला तरी हुबेहूब असंच होतं. संगणकाला वाटतं इंजिन थांबलं, म्हणून तो पंप आणि स्पार्क दोन्ही बंद करतो. सेन्सर थंड झाला की गाडी पुन्हा चालू. फरक ओळखायची जागा स्पार्क. गाडी बंद पडलेली असतानाच स्पार्क तपासावा. स्पार्क आहे आणि पेट्रोल नाही, तर शोध पंपाच्या वाटेने. दोन्ही नाहीत, तर पंपाला हात लावू नका.

चौथ्या खुणेसाठी मालकाला घरीच करता येईल अशी एक सोपी परीक्षा आहे. सकाळी सेल्फ मारायच्या आधी चावी 'ऑन' करा, तीन सेकंद थांबा, बंद करा. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. गाडी लगेच धरली, तर रात्रभरात नळीतला दाब उतरत होता आणि तो पंपाने आता पुन्हा भरला असा अर्थ. दोष बहुधा परत न येऊ देणाऱ्या झडपेचा किंवा कुठल्या तरी गळतीचा. एखादा इंजेक्टर गळत असेल तर सुरू होताना काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो, तेही पाहून ठेवा.

स्कॅनर लावला की सगळं कळतं, हाही एक समज. पी ००८७ हा कोड इंधनाचा दाब कमी असल्याचं सांगतो. पण नेहमीच्या साध्या इंजेक्शनच्या कित्येक गाड्यांत दाब मोजणारा सेन्सरच नसतो, मग तो कोड येणार कुठून? तिथे फार तर पी ०१७१ येतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ते पंपामुळे, फिल्टरमुळे, किंवा हवेच्या फुटक्या नळीमुळेही असू शकतं. कोड दिशा दाखवतो. पंप बदलायला तेवढा पुरावा पुरत नाही.

५. आधी कान, मग फ्यूज

चावी 'ऑन' केली की संगणक पंपाला दोन-तीन सेकंद चालवून नळीत दाब भरतो आणि थांबतो. शांत जागी मागचं दार उघडून कान दिला तर बारीक घूं ऐकू येते. इंजेक्शनच्या स्कूटरवरही चावी फिरवताच ती ऐकू येते. आवाज आला म्हणजे पंप फिरतोय एवढंच सिद्ध झालं, पुरेसं पेट्रोल देतोय हे नाही. आवाज आला नाही म्हणजे पंप मेला, असंही नाही.

आवाज नसेल तर फ्यूज पाहा. मग रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा किंवा पंख्याचा रिले तसाच असतो. त्यावरचा क्रमांक आणि पिनांची मांडणी जुळत असेल तरच अदलाबदल करून बघता येते. काही फोर्ड आणि फियाट गाड्यांत धडक बसल्यावर पंप बंद करणारा एक स्विच असतो. तो मोठ्या खड्ड्यातही उडू शकतो, वरचं बटण दाबलं की पूर्ववत होतो. चावी न ओळखणाऱ्या इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतोय का, हेही पाहा. हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात आणि एक रुपयाही लागत नाही.

टाकीच्या तळाला रबरी हातोडीने हलके ठोकलं आणि गाडी सुरू झाली, तर मात्र पंपावरचा संशय पक्का होतो. मोटरीचे ब्रश झिजून जागेवर अडकलेले असतात, धक्क्याने ते पुन्हा टेकतात. अशी गाडी थेट गॅरेजला न्यावी, सहलीला नाही.

६. मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरीही

आता या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग. पंपाचा कपलर काढून तारेवर मीटर लावला, १२.४ व्होल्ट आले. निष्कर्ष: वीज बरोबर, म्हणजे पंप खराब. हा निष्कर्ष चुकीचा असू शकतो.

कपलर काढलेला असताना तारेतून करंट वाहतच नसतो. सगळे धागे तुटून एकच शिल्लक असलेली तारही अशा वेळी पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. खरी परीक्षा कपलर जोडून, पंप चालू असताना, कपलरच्या मागच्या बाजूने मीटरची टोकं घालून करायची.

समजा तसं केलं आणि पंपाला ९.४ व्होल्टच मिळतात असं दिसलं. १२.४ मधून ९.४ गेले, म्हणजे ३ व्होल्ट वाटेत हरवले. पंप ५ अँपिअर करंट घेत असेल, तर ३ भागिले ५ म्हणजे ०.६ ओहम इतका अडथळा वाटेत कुठेतरी आहे. आकडा किरकोळ वाटतो. पण ३ गुणिले ५ म्हणजे १५ वॅट उष्णता त्या जागी सतत निर्माण होते. गंजलेल्या पिनेचा कपलर काळा पडून वितळतो तो यामुळेच. आणि व्होल्टेज पाऊणपट झालं की पंपाचा प्रवाह निम्म्याच्या आसपास येऊ शकतो.

आता इथे नवा पंप टाकला तर काय होईल? ताज्या ब्रशमुळे तो काही दिवस बरा चालेल, मग तोही दम तोडेल आणि लोक म्हणतील माल नकली निघाला. दोष पिनेत किंवा अर्थच्या तारेत होता. अर्थ स्वतंत्र मोजा: पंप चालू असताना पंपाची अर्थची पिन आणि बॅटरीचं ऋण टोक यांत मीटर लावा. तिथे काही दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ साफ करा. समुद्राकाठच्या गावांत, कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने अर्थचे नट गंजतात, तिथे हे आवर्जून पाहावं.

७. गेज काय म्हणतो

वीज नीट पोचतेय हे ठरलं की मग दाब. नळीला गेज जोडून चावी 'ऑन' करायची, आकडा त्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याशी ताडायचा. मग इंजिन चालू करून, शक्य असेल तर नळी लांब घेऊन प्रत्यक्ष चढावर चालवून पाहायचं. घाटातली तक्रार घाटातच पकडता येते. शेवटी इंजिन बंद करून आकडा किती वेळ टिकतो ते बघायचं. झर्रकन शून्यावर आला तर झडप किंवा गळती.

प्रवाह मोजताना पेट्रोल ठरावीक वेळ भांड्यात घेतात. १५ सेकंदांत पाव लिटर म्हणजे तासाला ६० लिटर. हे काम गॅरेजचंच, घरी करू नये.

क्लॅम्प मीटरने करंटही पाहिला तर चित्र पुरं होतं. दाब कमी आणि करंट नेहमीपेक्षा जास्त: मोटर जड फिरतेय. दाब कमी आणि करंटही कमी: चकती झिजलेली आहे, जाळी तुंबलीय किंवा ब्रश नीट टेकत नाहीत. वीज पुरेशी, फिल्टर आणि जाळी साफ, रेग्युलेटर ठीक, तरी दाब किंवा प्रवाह कमी, असं झालं तरच म्हणावं: पंप गेला.

८. पंप मरतो कशाने

बहुतेक वेळा कचऱ्याने, पाण्याने आणि उष्णतेने. सतत रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचा पंप अर्धा उघडा राहतो, तापतो आणि वळणावर हवा ओढतो. टाकी पाव भागाखाली जाऊ न देणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

२०२३ पासून २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमकं पंपाच्या जाळीपाशी साचतं. जुन्या टाकीत चिकटलेला मळही ते सुटा करतं. रोज चालणाऱ्या गाडीला याची झळ कमी. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या जुन्या गाडीला जास्त. तिची जाळी आणि फिल्टर आधी तपासा.

९. बदलताना

काम मोकळ्या हवेत, टाकीत पेट्रोल कमी असताना, जवळ अग्निशामक ठेवून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत दूरच्या ठिणगीपर्यंत जाते. म्हणून तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम कधीच नको.

आधी दाब सोडायचा: पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग बॅटरीचं ऋण टोक काढायचं. बऱ्याच मोटारींत मागची सीट उचलली की पंपाचं झाकण दिसतं. काहींत टाकी खाली उतरवावी लागते. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसून घ्या, नाहीतर ती थेट टाकीत जाते आणि नव्या पंपाची जाळी पहिल्याच दिवशी तुंबते. मोठी गोल कडी सोडवायला लोखंडी छिन्नी वापरू देऊ नका, पितळी किंवा लाकडी तुकडा वापरावा. असेंब्ली तिरकी करून अलगद काढायची, तरंगत्याचा दांडा वाकला तर पेट्रोलचा काटा पुढे कायम खोटं बोलतो.

नव्या पंपाबरोबर जाळी आणि झाकणाखालची रबरी ओ-रिंग नवीच हवी. जुनी रिंग पेट्रोलने फुगलेली असते, पुन्हा नीट बसत नाही. जुना फिल्टर ठेवून नवा पंप बसवणं म्हणजे त्याच्यावर पहिल्या दिवसापासून भार टाकणं. सुट्टा भाग घेताना क्रमांक जुन्या भागावरच्या क्रमांकाशी जुळवा आणि पक्कं बिल घ्या.

बसवून झाल्यावर टाकीजवळच्या नळ्या-पिना घट्ट आहेत का ते पाहून चावी तीन-चारदा 'ऑन' करून दाब भरा, मग इंजिन सुरू करा. सीट लगेच लावू नका. झाकणाभोवती आणि नळीच्या जोडावर ओल येते का, हे इंजिन चालू असताना पाहा. तुम्ही मालक म्हणून त्या वेळी तिथे उभे राहा, जुना पंप मागून घ्या आणि दाब आधी किती होता, आता किती आहे हे विचारा. दुसऱ्या दिवशी गाडीत पेट्रोलचा वास आला, तर ती चालवू नका. गॅरेजवाल्याला गाडीपाशी बोलवा.